भौतिकवादाचे वाचन : अभ्यासमंडळांची मर्यादा आणि कर्जत-खालापूरचा परिसर

भौतिकवादी तत्त्वज्ञान आणि राजकारण यांचे सामूहिक वाचन मराठीला नवे नाही. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या प्रभावातील अभ्यासशिबिरे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा 'जडवाद' हा ग्रंथ आणि १९७० च्या दशकातील पुणे-मुंबईच्या तरुणांचा 'मागोवा' गट ही या परंपरेची ठळक स्थाने होत. प्राध्यापकांची अभ्यासमंडळे स्वतःला याच परंपरेचे वारस मानतात. परंतु वारशातून त्यांनी नेमके काय स्वीकारले, याची चिकित्सा क्वचितच होते.

या मंडळांत हेगेल, फॉयरबाख, मार्क्स, आल्थ्युसर असा क्रम लावला जातो. उतारे वाचले जातात, संज्ञांचे अर्थ निश्चित केले जातात. यात गैर काही नाही. मात्र 'भौतिक परिस्थिती' ही स्वतःच एक संज्ञा होऊन बसते आणि भौतिकवादाचे वाचन नकळत चिद्‌वादी वळण घेते. तर्कतीर्थांची गोष्ट वेगळी होती. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्राध्ययन केलेला हा पंडित ज्या परंपरेत घडला, तिच्याशीच वाद घालत होता. त्यांचा पूर्वपक्ष घरातला होता. आजच्या मंडळांपुढे पूर्वपक्षच उरलेला नाही, म्हणून त्यांची चर्चा सहमतीत संपते.

'मागोवा'तील काही तरुण तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहाद्याला गेले. अंबरसिंग महाराजांनी भिल्ल शेतमजुरांत उभे केलेले काम तेथे आधीच सुरू होते. १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. या प्रवासाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. वर्गाच्या चौकटीत जात मावत नाही, हा शरद पाटील यांचा आक्षेप अशा सर्वच वाचनाला लागू होता. १९७८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडून त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला, तो याच मुद्द्यावर.

पद्धतीच्या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरतात ते दामोदर धर्मानंद कोसंबी. पुण्यात राहून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डेक्कन क्वीनने जात. म्हणजे बोरघाट, खालापूर व कर्जत हा टापू त्यांच्या नित्याच्या वाटेवर होता. १९५६ चा भारतीय इतिहासावरील ग्रंथ आणि १९६२ चा 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' यांत पोथीइतकेच पायवाटा, सूक्ष्मपाषाण हत्यारे, मातृदेवतांची ठाणी व घाटवाटांवरील लेणी यांना प्रमाण मानले आहे. कर्जतजवळची कोंडाणे लेणी याच दृष्टीने पाहता येतात.

खालापूर तालुक्यातील खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये, तर कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. कृष्णा खोऱ्यातील पाणी अडवून सह्याद्रीच्या पश्चिमेस सोडण्यात आले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. १९२८ च्या गिरणी संपाचा अभ्यास करणारे वाचक या पाण्यापर्यंत सहसा येत नाहीत. माथेरानचे भाई कोतवाल मात्र येथपर्यंत पोहोचले होते. सावकारी कर्जाला पर्याय म्हणून त्यांनी धान्यकोठारे काढली आणि १९४२ मध्ये आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते व हिराजी पाटील हुतात्मा झाले. उत्पादनव्यवस्थेची नस कोठे आहे, हे ओळखणारी ही कृती राष्ट्रीय चळवळीच्या प्रकरणात बंदिस्त करून ठेवणे हा वाचनाचाच दोष म्हणावा लागेल.

त्याच परिसरातील अनेक कातकरी वाड्या आजही स्वतःच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीवर आहेत. पावसाळा सरला की उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. 'मूळ संचय' या संकल्पनेवर चर्चा करणाऱ्या मंडळाने त्या उचलीचा हिशेब आणि वाडीखालच्या जमिनीचा सातबारा 'भांडवल'च्या शेजारी ठेवून वाचला, तर संकल्पनेतील कोणता भाग टिकतो आणि कोणता दुरुस्त करावा लागतो, हे तपासता येईल. कर्जत-खालापूरमध्ये त्यासाठी फार दूर जावे लागत नाही.