दोन मिनिटांची ओळख

बॉस्टनला पोस्टडॉकचा करार संपायला अकरा महिने उरले होते आणि व्हिसा त्या कराराला बांधलेला. बायोटेक कंपन्यांचं एक मोठं अधिवेशन शहरात भरणार होतं. प्रयोगशाळेतला जो तो सांगत होता, ‘जा, नेटवर्किंग कर.’ म्हणजे नक्की काय करायचं, हे मात्र कुणी सांगेना. म्हणून कीथ फेराझी यांचं ‘नेव्हर ईट अलोन’ वाचायला घेतलं. ताल राझ यांच्यासोबत लिहिलेलं हे पुस्तक २००५ साली आलं आणि आजही व्यवसायजगतात त्याचं नाव निघतं. त्यात अधिवेशनांवर एक आख्खं प्रकरण आहे. त्याचा नायक आहे ‘कॉन्फरन्स कमांडो’.

कमांडो भाषणं ऐकायला जात नाही, माणसं गाठायला जातो. ज्यांना भेटायचंच आहे अशा तीनचार जणांची नावं तो खिशात ठेवतो. चहाच्या सुट्टीत त्याला सुट्टी नसते. जेवण तो स्वतःच आयोजित करतो. आणि ‘डीप बंप’, म्हणजे दोन मिनिटांत समोरच्याशी इतकं जिव्हाळ्याचं बोलायचं की पुन्हा भेटायचं ठरवूनच निघायचं.

मी हे सगळं करून पाहिलं. जेवणाचं सोडून, पोस्टडॉकच्या पगारात बॉस्टनमध्ये दहा जणांना जेवायला घालणं म्हणजे महिन्याचं भाडं बुडवणं. दोन मिनिटांतलं अर्धं मिनिट माझं आडनाव समजावण्यात जायचं. पुढचं अर्धं, ‘व्हिसा लागेल का?’ या प्रश्नाचं उत्तर चेहरा न पाडता देण्यात. फेराझींच्या कमांडोला हे प्रश्न कुणी विचारत नाही, आणि पुस्तकातली ही उणीव मला फार जाणवली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुठे होते? कोपऱ्यातल्या टेबलाशी, आमच्याच मजल्यावरच्या तीन देशी पोस्टडॉकांबरोबर.

या कोपऱ्याचं मला जरा कमी वाईट वाटलं ते पॉल इंग्रम आणि मायकल मॉरिस यांचा २००७ सालचा शोधनिबंध वाचून. कोलंबिया विद्यापीठात एक्झिक्युटिव्ह एमबीए करणाऱ्यांसाठी भरवलेल्या एका संध्याकाळच्या मेळाव्यात त्यांनी पाहुण्यांच्या अंगावर इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावले. नव्या माणसांना भेटायचंय, असं सांगून आलेली ही मंडळी प्रत्यक्षात जुन्या ओळखीच्यांकडेच जास्त वळली. सगळ्यात यशस्वी ठरला तो बारटेंडर!

पुस्तकावरचा माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. फेराझी ज्यांच्या संशोधनाचा आधार घेतात त्या समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनला लागून असलेल्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. १९७३ सालच्या त्यांच्या निबंधात आकडे आहेत: ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी १६.७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटत, ५५.६ टक्के अधूनमधून, २७.८ टक्के क्वचितच. यावरून ‘दूरच्या ओळखी वाढवा’ असा सल्ला निघतो आणि तिथेच गफलत होते. ग्रॅनोव्हेटर यांची ही दूरची माणसं बरेचदा जुने सहकारी, आधीचे मालक, कॉलेजातले मित्र होते. कधीतरी बरोबर काम केलेलं, मग संपर्क विरळ झालेला. ओळख दूरची होती, पण मुरलेली. दोन मिनिटांत झालेली ओळख दूरची नसते, ती नुसती नवी असते.

गंमत म्हणजे हे फेराझींच्याच आयुष्यात आहे. पेनसिल्व्हेनियातल्या पोलादकामगाराचा हा मुलगा श्रीमंतांच्या गोल्फ क्लबवर कॅडीचं काम करायचा. खेळाआधी स्वतः मैदान चालून यायचा, म्हणजे आपल्या बाईंना नेमका सल्ला देता येईल. त्यातून त्या घरांची दारं त्याला उघडली. पुस्तकाचा हा भाग मला मनापासून आवडला. पण अधिवेशनाच्या प्रकरणात येईपर्यंत तो मुलगा हरवतो. कॅडी काय, बारटेंडर काय, दोघांच्याही हातात त्या जागेचं काम होतं. लोक आपणहून त्यांच्यापाशी येत, आणि बोलायला कारण लागत नसे.

आयोजकांना मदत करा, असं फेराझी त्याच प्रकरणात सांगतात खरं, पण कमांडोचा एक डावपेच म्हणून. माझ्या मते प्रकरणात टिकेल असा सल्ला तोच. आपल्याला हे कुणी शिकवावं लागू नये. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ‘तुम्ही मूळचे कुठले?’ विचारत ओळखी काढणारे खूप असतात, पण गावभर ओळख असते ती तीन वर्षं प्रसादाच्या रांगेत वाढायला उभ्या राहणाऱ्या मावशींची. नोकरी शोधणाऱ्या पोरांना सगळे त्यांच्याकडेच पाठवतात.

अधिवेशनातून मी एक्केचाळीस कार्डं आणली. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना लिहिलं. तिघांनी उत्तर दिलं, तिघंही सौजन्यानं ‘नाही’ म्हणाले. मुलाखतीचं एकमेव बोलावणं आलं ते आमचं मास स्पेक्ट्रोमीटर दुरुस्त करायला यायचा त्या इंजिनिअरमुळे. चार वर्षांपूर्वी एका रात्री दहापर्यंत मी त्याच्यासाठी टॉर्च धरून उभी होते. ती नोकरी मिळाली नाही. करार एका वर्षानं वाढलाय. यंदाच्या अधिवेशनात दोन सकाळी नोंदणीच्या टेबलावर बसायचं काम मी मागून घेतलंय.