हळद, एचआयएफ आणि ऑक्सिजन: मोजलं काय, लिहिलं काय

हिंगोली जिल्ह्यातून एमएस्सी करून पीएचडीकडे वळणाऱ्याच्या डोक्यात हळद येणारच. वसमतच्या बाजारात तिचे ढीग बघत आपण वाढलो, वसमतला हळदीचं संशोधन केंद्रही आहे. त्यात कॅन्सर जोडला की विषय तयार. आणि कॅन्सरला जोड म्हणून आता एक वजनदार शब्द मिळालाय: हायपॉक्सिया. 'करक्युमिनने ट्यूमरमधला हायपॉक्सिया कमी करून रेडिएशनचा परिणाम वाढवणे.' असं शीर्षक तुमच्याही वहीत असेल तर थोडं थांबा. विषय चांगला आहे. पण ज्या पेपरांवर तो उभा राहतो, त्यांच्यातल्या बऱ्याच ठिकाणी एक गोष्ट मोजून दुसरीच लिहिलेली असते.

आधी पाया बघू. गाठ वाढते त्या वेगाने तिला रक्तवाहिन्या मिळत नाहीत, मिळतात त्या वाकड्यातिकड्या आणि गळक्या. १९५५ साली थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरचे छेद तपासून दाखवलं, की रक्तपुरवठ्यापासून साधारण दीडशे ते पावणेदोनशे मायक्रॉनच्या पलीकडे पेशी मेलेल्या असतात. खरी अडचण त्या मेलेल्यांची नाही. त्यांच्या अलीकडे जो उपाशी पण जिवंत पट्टा असतो, त्याची आहे. रेडिएशनने डीएनएला झालेली इजा ऑक्सिजन असला तर पक्की होते, नसला तर बरीचशी भरून निघते. म्हणून ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या पेशी मारायला अडीच ते तीनपट डोस लागतो.

आता एचआयएफ-१ अल्फा. ऑक्सिजन कमी पडला की हे प्रथिन पेशीत साठतं आणि पेशीला काटकसरीच्या कामाला लावतं. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल २०१९ चं नोबेल मिळालं, हे नेटच्या तयारीत तुम्ही पाठ केलंच असेल. करक्युमिन दिल्यावर हे प्रथिन कमी झालं, असे प्रयोग बरेच आहेत आणि ते खोटे आहेत असं मी म्हणत नाही. माझी तक्रार पुढच्या वाक्याबद्दल आहे: 'म्हणजेच हायपॉक्सिया कमी झाला.' असं कसं? टँकर आला नाही म्हणून वस्तीवरची माणसं ओरडत असतील आणि कुणी त्यांना गप्प बसवलं, तर हौदात पाणी येतं का? एचआयएफ ही ओरड आहे. ऑक्सिजन म्हणजे पाणी. ओरड दाबण्याचाही उपयोग असू शकतो, पण ते वेगळं संशोधन झालं.

कोबाल्ट क्लोराइडचं प्रकरण तर आणखी गमतीचं. हायपॉक्सिया चेंबर महाग, आपल्याकडच्या कॉलेजांत तो कुठून असणार? मग पेशींवर कोबाल्ट क्लोराइड टाकतात. एचआयएफ मोडण्याची खूण करणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं, कोबाल्ट त्यात अडथळा आणतो आणि एचआयएफ साठत जातं. पण त्या प्लेटवरची हवा नेहमीचीच असते, ऑक्सिजन भरपूर असतो. म्हणजे जो हायपॉक्सिया तिथे नव्हताच, तो दूर केल्याचा निष्कर्ष! त्यात करक्युमिन स्वतः धातूंना धरून ठेवणारा रेणू. त्याने कोबाल्टलाच अडकवलं म्हणून एचआयएफ उतरलं का, हे तपासणारा कंट्रोल पेपरात आहे का ते आधी शोधा. नसेल तर त्या ब्लॉटवर फार भिस्त ठेवू नका.

डोसकडेही बघा. पेशींना १० ते ५० मायक्रोमोलार करक्युमिन सहज दिलं जातं. माणसांना रोज ८ ग्रॅम तोंडावाटे देऊन केलेल्या २००१ च्या अभ्यासात रक्तातलं सर्वोच्च प्रमाण २ मायक्रोमोलारच्याही आत राहिलं, आणि ते रक्तातलं. रक्तवाहिनीपासून लांबच्या उपाशी पट्ट्यात किती पोचेल, तुम्हीच अंदाज करा. शिवाय करक्युमिन निळ्या प्रकाशात हिरवं चमकतं, आणि आपण वापरतो ते काही रंगही हिरवेच. २०१७ साली नेल्सन आणि सहकाऱ्यांनी जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीमध्ये या रेणूचा जो हिशेब मांडला, तो सिनॉप्सिस लिहिण्याआधी वाचाच. हळदीवर प्रेम असणाऱ्यांनी तर आधी.

हा काटेकोरपणा कशासाठी, तर याची किंमत पेशंट मोजतात. रक्तात हिमोग्लोबिन वाढवलं की गाठीत ऑक्सिजन वाढेल आणि रेडिएशन जास्त लागू पडेल, हे किती सरळ वाटतं! २००३ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या चाचणीत डोके-मानेच्या कॅन्सरच्या ३५१ पेशंटांपैकी एका गटाला एरिथ्रोपोएटिन दिलं. हिमोग्लोबिन वाढलं. आजार मात्र त्याच गटात जास्त बळावला. रक्तातलं मोजलं होतं, गाठीतलं गृहीत धरलं होतं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी सांगते. आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन हाच अनेकींचा मुख्य उपचार असतो. रक्तक्षयावर उपचार हवेतच. पण त्याने गाठीत काय झालं, ते गाठीतच मोजावं लागतं.

सगळंच फसलं असंही नाही. ऑक्सिजनची नक्कल करणारं निमोराझोल डेन्मार्कमधल्या चाचणीत उपयोगी ठरलं, १९९८ साली ते निकाल आले. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये कार्बोजेन वायू आणि निकोटिनामाइड यांच्या जोडीचे ब्रिटनमधले निकालही चांगले होते. उलट टिरापाझामीन हे खास कमी ऑक्सिजनच्या पेशी मारणारं औषध ८६१ पेशंटांच्या चाचणीत कमी पडलं, २०१० साली. ज्यांच्या गाठीत खरंच हायपॉक्सिया आहे असे पेशंट त्यात निवडलेच नव्हते. पुन्हा तेच, न मोजता गृहीत धरणं.

मग चेंबर नसलेल्या कॉलेजातल्या विद्यार्थ्याने करायचं काय? स्फेरॉइड वाढवा. अगारोजचा थर दिलेल्या वेलमध्ये पेशी टाकल्या की त्या तळाला चिकटत नाहीत, आपापसात गोळा होतात. गोळा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा झाला की त्याच्या पोटात ऑक्सिजन आपोआप कमी पडतो, बऱ्याच पेशींमध्ये तरी. मग पिमोनिडाझोलने रंगवा, ते कमी ऑक्सिजनच्या पेशींतच अडकून बसतं. करक्युमिनआधी तो रंगलेला भाग केवढा होता आणि नंतर केवढा राहिला, हे मोजा. पेशी नुसत्या मेल्यामुळे ऑक्सिजनचा खप कमी झाला का, यासाठी जिवंत पेशींची मोजणी सोबत ठेवा. एचआयएफचा ब्लॉट त्याच्या शेजारी लावा, त्याच्या जागी नको. आणि हे जमणार नसेल, कोबाल्टवरच काम करायचं असेल, तर शीर्षकात 'हायपॉक्सिया' ऐवजी 'कोबाल्टने साठलेलं एचआयएफ' लिहा. गाईडना ते जरा बुटकं वाटेल. त्यांना ही प्लेटची गोष्ट सांगून बघा.