बोर्डात आलेले गिटारवाले

माणूस गुणी आहे, एवढ्यावर आपलं समाधान होत नाही. त्याचा नंबर कितवा ते आधी सांगा! मुलाला गणितात ब्याण्णव मार्क पडले म्हटलं की शेजारच्या काकूंचा प्रश्न तयार, "आणि पहिल्याला किती?" हा रोग खास आपला आहे असा कुणाचा समज असेल, तर त्यानं अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन' मासिकाकडे पाहावं. २००३ साली त्यांनी जगातल्या शंभर सर्वश्रेष्ठ गिटारवादकांची यादी छापली. अगदी बोर्डाची मेरिट लिस्ट! तोंडात पेढा भरवणाऱ्या आईचा फोटो तेवढा नव्हता.

पहिला आला जिमी हेंड्रिक्स. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. हा डावखुरा माणूस उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा, तारा आपल्या सोयीनं बदलून घ्यायचा आणि तिच्यातून आगगाडीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळ्यांचे आवाज काढायचा. १९६७ साली माँटेरीच्या महोत्सवात वाजवून झाल्यावर त्यानं गिटार चक्क पेटवून दिली. (आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा गिटार शिकायला लागला तेव्हा मलाही हे सुचलं होतं. पण त्यात कलेचा भाग नव्हता.) १९७० साली, अवघ्या २७ व्या वर्षी तो गेला. त्यानंतरच्या याद्यांतही पहिला नंबर त्याचाच.

भांडण पुढच्या नंबरांपासून सुरू होतं. एडी व्हॅन हॅलन २००३ साली ७० वा होता. २०११ साली त्याच मासिकानं नवी यादी केली, तीत तो आठवा. २०२० साली बिचारा वारला. २०२३ साली अडीचशे जणांची यादी निघाली, तर हा चौथा! मेल्यावर रियाज वाढलेला हा पहिलाच कलावंत असावा. उलट एरिक क्लॅप्टन. १९६० नंतरच्या दशकात लंडनच्या एका भिंतीवर कुणा भक्तानं 'क्लॅप्टन देव आहे' असं रंगवून ठेवलं होतं. हा देव २००३ साली चौथा, २०११ साली दुसरा आणि २०२३ साली ३५ वा. आपण देव पाण्यात ठेवतो, ते यादीत ठेवतात. देवाचे हाल दोन्हीकडे सारखेच.

मग थोरवी मोजायची कशानं? माझा भाचा म्हणतो, वेगानं. व्हॅन हॅलन उजव्या हाताची बोटंसुद्धा गिटारीच्या मानेवर नेऊन तारांवर टपटप मारायचा. १९७८ चं त्याचं 'इरप्शन' दोन मिनिटांच्या आत संपतं आणि तेवढ्यात दिवाळीची सगळी आतषबाजी होऊन जाते. त्यावर मी बी. बी. किंगचं नाव काढतो. हा गाताना वाजवत नसे आणि वाजवताना गात नसे. आधी स्वतः एक ओळ म्हणायची, मग ल्यूसिलला बोलू द्यायचं. ल्यूसिल हे त्याच्या गिटारीचं नाव. तो एकच सूर लावायचा, पण डाव्या हाताच्या बोटानं तो असा थरथरवायचा की ऐकणाऱ्याच्या पोटात कालवावं. पंगतीत भराभर वाढत जाणारा आणि ताटाकडे बघून वाढणारा, यांतला वाढपी कोण हे जेवणाराच सांगू शकतो. "मामा, तू विषय बदलतोस," भाचा म्हणतो.

बरं, जँगो राइनहार्टचं काय करायचं? १९२८ साली लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्यानं पॅरिसमध्ये असं जाझ वाजवलं की पाच बोटंवाले तोंडात बोटं घालून बसले. त्याची काय बोटामागे सरासरी काढणार? आणि सेगोव्हिया? या स्पॅनिश माणसानं गिटार मैफलीच्या मोठ्या रंगमंचावर नेऊन बसवली आणि १९८७ साली, ९४ व्या वर्षी जाईपर्यंत तो वाजवत राहिला. २००३ च्या यादीत तो नाही. रॉकवाल्यांचं मासिक म्हणून सोडून द्यावं, तर मथळ्यात 'सर्वकालीन' कशाला लिहायचं?

इथपर्यंत गंमत ठीक आहे. पण यादीत कुणाला घ्यायचं राहून गेलं, की त्याची किंमत कुणीतरी मोजतं. सिस्टर रोझेटा थार्प ही देवळातली भजनं विजेच्या गिटारवर वाजवणारी कृष्णवर्णी बाई. पुढे ज्याला रॉक अँड रोल म्हणू लागले, ते ती आधीपासूनच वाजवत होती. लिटल रिचर्ड, जॉनी कॅश ही मंडळी तिचं ऋण मानत. १९७३ साली ती वारली. तीस वर्षांहून अधिक काळ तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. २००३ च्या शंभरात तिचं नाव नव्हतं. अख्ख्या यादीत बायकाच मुळी दोन. २०२३ साली ती एकदम सहावी आली. बाई तीच, रेकॉर्डी त्याच. कान तेवढे उशिरा उघडले.

१९६४ साली मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर टेलिव्हिजनसाठी तिचा कार्यक्रम झाला. एका फलाटावर ती, समोरच्या फलाटावर श्रोते. पाऊस पडलेला. बाईंनी अंगात जाडजूड कोट घातलेला, गळ्यात पांढरी गिटार. पावसाचंच गाणं धरलं आणि मध्येच गिटारीवर असा काही हात मारला की थंडीनं आखडलेले इंग्रज टाळ्या वाजवायला लागले.

ती फिल्म मी भाच्याला दाखवली. तो बराच वेळ गप्प होता. मग उसळून म्हणाला, "मामा, सहावी? हा सरळसरळ अन्याय आहे!"

मी म्हटलं, "पेपर रिचेकिंगला टाकू."