शापित वस्तूंची घडण

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे नियम १९७४ सालीं अमेरिकेंतील लेक जिनीव्हा या लहानशा गांवाहून गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या नांवें प्रसिद्ध झाले. चार-पांच मंडळी टेबलाभोवतीं बसतात. एक सूत्रधार होतो, बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशीं सोंगें घेऊन त्याच्या कथेंत शिरतात, आणि जेथें संशय येईल तेथें फांसे निकाल देतात. या खेळाबरोबर एक विलक्षण रचनाप्रकारहि जन्मास आला. जादूच्या व शापित वस्तूंचीं हीं कोशवजा वर्णनें वाङ्मय म्हणून तपासण्याजोगीं आहेत, असें आम्हांस वाटतें.

कथेंत अंगठी घडविणारा व ती बोटांत घालणारा हे दोघेहि एकाच लेखकाच्या मुठींत असतात. येथें वस्तु एकाची, हात दुसऱ्याचा. आणि तो दुसरा अनेक महिने जिवापाड जपलेलें पात्र घेऊन बसलेला असतो.

सूत्रधारांसाठीं १९७९ सालीं निघालेल्या ग्रंथांत गळा आंवळणारा एक हार आहे. तो दिसावयास इतर अलंकारांसारखाच. पण गळ्यांत पडतांच आवळूं लागतो आणि मृत्यूनंतरहि सुटत नाहीं. देहाचा कोरडा सांगाडा झाला म्हणजे मात्र सैल होतो, पुढल्या बळीसाठीं. वर्णन म्हणून हें चांगलेंच आहे. यांतला थंडपणा पुष्कळ भयकथांस साधत नाहीं. परंतु खेळांत त्याचें काय होतें? खेळाडूनें लोभ केला नाहीं, अविचार केला नाहीं; हार सांपडला, त्यानें घातला, तो मेला. यापुढें तो प्रत्येक दागिना काठीनें ढोसून पाहील, प्रत्येक पेटी भाडोत्री नोकराकडून उघडवील. कथा तेथेंच थांबते व झडती सुरू होते. सामान सांठविण्याच्या मायावी पिशवीसारखी दिसणारी, पण वस्तुतः एका परलोकींच्या प्राण्याचें तोंड असलेली पिशवी याच जातीची.

याच्या उलट १९७६ च्या ‘एल्ड्रिच विझर्ड्री’ या पुरवणींतला वेक्नाचा हात पाहावा. वेक्ना हा एक दुष्ट मांत्रिक. मागें उरला तो त्याचा वाळलेला हात. त्याचें सामर्थ्य ज्यास हवें असेल त्यानें स्वतःचा हात तोडून त्या जागीं तो लावावयाचा! येथें कोणी कोणास फसवीत नाहीं. किंमत उघड आहे, आणि ती ऐकून खेळाडू खरोखरीच आपल्या मनगटाकडे पाहतो. कर्णाची वासवी शक्ति आमच्या वाचकांस या ठिकाणीं आठवेल. अंगावरचीं कवचकुंडलें कापून देऊन ती मिळाली, एकदांच वापरावयाची या अटीवर. अर्जुनासाठीं जपली आणि घटोत्कचावर खर्चावी लागली. अट कर्णास पहिल्यापासून ठाऊक होती, म्हणूनच ती रात्र इतकी दारुण वाटते.

अलीकडील रचनाकारांस हा भेद उमगलेला दिसतो. २०१४ च्या आवृत्तींतील उन्मत्त योद्ध्याची कुऱ्हाड धारण करणाऱ्यास बळ व आयुष्य दोन्ही देते; मात्र ती सोडावी असें त्यास वाटतच नाहीं, आणि शत्रूचा घाव बसला असतां फांसा उलटा पडल्यास तो जवळ असेल त्यावर, मग तो मित्र कां असेना, तुटून पडतो. शाप आधीं कळत नाहीं, हा दोष आहेच. परंतु तो एका माणसाचा राहत नाहीं, साऱ्या मंडळीचा होतो. आमची तक्रार निराळी आहे. याच आवृत्तींत तिसऱ्या पायरीचा एक मंत्र म्हटला कीं ही कुऱ्हाड हातांतून सुटते. इतका स्वस्त उतारा असेल तर शाप घडविण्याचा खटाटोप कशासाठीं?

१९७९ च्या ग्रंथांत सर्वांत प्रख्यात वस्तूंच्या वर्णनांत रिकाम्या रेघा सोडल्या होत्या. ग्रंथ चोरून वाचणाऱ्या खेळाडूंस गुणदोष कळूं नयेत म्हणून ते सूत्रधारानें स्वतः भरावे, अशी योजना होती. तीं पानें भरावयास बसणारानें आपल्या टेबलाभोवतींच्या कोणत्या पात्रास ही वस्तु नाकारतां येणार नाहीं, तें आधीं लिहावें. शाप मग दोन ओळींतहि मावतो.