केप्लरच्या आठ कला

आता गॅलिलिओच्या ‘डायलॉगो’कडे येऊ. १६३२ चं हे पुस्तक. तिघांच्या चार दिवसांच्या गप्पा, त्याही लॅटिनमध्ये नाहीत, इटालियनमध्ये. वाचायला बहारदार. पण खगोलशास्त्राचं पुस्तक म्हणून ते मागे पडतं, असं माझं स्पष्ट मत आहे. सामना लावलाय टॉलेमी विरुद्ध कोपर्निकस, आणि ग्रह अजून वर्तुळातच फिरतायत. अहो, केप्लरचं ‘ॲस्ट्रोनोमिया नोव्हा’ १६०९ मध्येच छापून आलं होतं! त्यात मंगळाचं गणित टायको ब्राहेच्या नोंदींशी आठ कलांनी जुळत नाही. आठ कला म्हणजे किती? तर पूर्ण चंद्रबिंबाच्या रुंदीचा साधारण पाव हिस्सा, आणि टायकोकडे तर दुर्बीणही नव्हती. दुसऱ्या कुणी तेवढा फरक सोडून दिला असता. केप्लरने नोंदींवर विश्वास ठेवला, वर्तुळ सोडलं आणि लंबवर्तुळाशी पोहोचला. मधले फसलेले प्रयत्नही त्याने पुस्तकात ठेवलेत. त्यामुळे वाचणाऱ्याची दमछाक होते, हेही खरंच. गॅलिलिओ मात्र चौथ्या दिवशी केप्लरबद्दल नवल करतो, की एवढा बुद्धिमान माणूस भरती-ओहोटीचा संबंध चंद्राशी कसा जोडतो! भरतीला पृथ्वीची गती पुरेशी आहे, असं गॅलिलिओचं म्हणणं होतं.