चेहरा नसलेला दरोडेखोर

दरोडेखोर वीरप्पनच्या मिशा बेंगळुरूत कुणाला ठाऊक नव्हत्या? जयनगरच्या चौथ्या ब्लॉकातल्या पेपरवाल्याकडे उभं राहिलं की पहिल्या पानावरून त्या आपल्याकडे बघत असायच्या. ३० जुलै २००० रोजी गाजनूरहून कन्नड अभिनेते डॉ. राजकुमारांना त्याने पळवून नेलं आणि पुढचे १०८ दिवस शहराचा जीव टांगणीला लागला. मग १८ ऑक्टोबर २००४ रोजी धर्मपुरी जिल्ह्यात पाप्पारपट्टीजवळ तो मारला गेला. छापून आलेल्या प्रेताच्या छायाचित्रात त्या मिशा कातरलेल्या होत्या. हाच का तो, असं लोक खरोखर विचारत होते. पुढे ‘अट्टहास’ (२०१३) आणि ‘किलिंग वीरप्पन’ (२०१६) हे चित्रपट आले. दुसऱ्यात तर राजकुमारांचे चिरंजीव शिवराजकुमारच त्याच्या मागावरच्या पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत होते. दोन्ही चित्रपटांनी मिशा इमानेइतबारे परत लावल्या. दरोडेखोरावर चित्रपट काढायचा तर त्याचा चेहरा पडदाभर हवा, हे आपण धरूनच चालतो.

इटालियन दिग्दर्शक फ्रांचेस्को रोझी याने ते धरलं नाही. त्याचा ‘साल्वातोरे जुलियानो’ (१९६२) सिसिलीतल्या खऱ्याखुऱ्या दरोडेखोरावर आहे, शीर्षकात नाव त्याचंच आहे, आणि दोन तासांच्या आसपासच्या या चित्रपटात जिवंत जुलियानोचा चेहरा आपल्याला नीट असा दिसतच नाही. दिसतो तो लांबून, पाठमोरा, डोंगरउतारावर पांढऱ्या लांब कोटातला एक ठिपका म्हणून. ज्याच्यासाठी तिकीट काढलं तोच हाती लागत नाही. या एका निर्णयातून अख्खा चित्रपट उलगडतो, म्हणून तो बारकाईने पाहण्यासारखा आहे.

आधी थोडी हकिगत, कारण रोझी ती सरळ सांगत नाही. जुलियानो मोंतेलेप्रे गावचा, जन्म नोव्हेंबर १९२२. (रोझीचा जन्मही त्याच महिन्यातला, नेपल्सचा.) १९४३ मध्ये काळ्या बाजारातला गहू नेताना तो पकडला गेला, त्याच्या हातून एक शिपाई मेला आणि तो डोंगरात पळाला. १९४५ मध्ये सिसिली इटलीपासून वेगळी करू पाहणाऱ्या पुढाऱ्यांनी त्याला आपल्या ‘सैन्यात’ कर्नल केलं. १९४६ मध्ये बेटाला स्वायत्तता मिळाली आणि पुढारी सुखाने राजकारणात परतले. डोंगरातली पोरं डोंगरातच राहिली. १ मे १९४७ रोजी पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्रा या खिंडीत कामगार दिनाला जमलेल्या शेतकऱ्यांवर त्याच्या टोळीने गोळ्या झाडल्या आणि अकरा माणसं मेली. जेमतेम दहा दिवसांपूर्वी प्रांतिक निवडणुकीत डाव्यांची सरशी झाली होती. गोळीबार कुणाच्या सांगण्यावरून झाला, याचं उत्तर आजवर धड मिळालेलं नाही. ५ जुलै १९५० रोजी कास्तेलवेत्रानोतल्या एका अंगणात जुलियानोचं प्रेत सापडलं. वय सत्तावीस.

चित्रपट सुरू होतो तो या शेवटापासून. कॅमेरा वर आहे. खाली पांढऱ्या उन्हात तापलेलं अरुंद अंगण, पालथं पडलेलं शरीर, अंगात बनियन, शेजारी हत्यार. सरकारी माणूस पंचनामा सांगतो आहे: हात कसा, पाय कसा, कपडे कोणते, जखमा कुठे. आवाज एकसुरी, जणू जप्तीची यादी चालली आहे. संगीत नाही, कुणाचे पाणावलेले डोळे नाहीत. भोवती अधिकारी, वरच्या सज्जांतून वाकून बघणारी माणसं, छायाचित्रं टिपायला धडपडणारे पत्रकार. छायाचित्रणकार जान्नी दी वेनान्झो याने इथे प्रकाश इतका प्रखर ठेवला आहे की अंगणात लपायला जागाच उरू नये. सगळं स्वच्छ दिसतं, आणि जे दिसतं ते खोटं असल्याचा वासही लगेच येऊ लागतो. कारण नोंदी जुळत नाहीत. तोम्मासो बेझोझी या पत्रकाराने त्या वेळी प्रत्यक्षात हेच पकडलं होतं: रक्ताचे डाग प्रेत पालथं पडल्याशी मेळ खात नव्हते. उजेड जितका जास्त तितकी शंका गडद, ही किमया पहिल्या काही मिनिटांतच साधली जाते.

या पंचनाम्याची खरी मजा कळते ती बऱ्याच उशिरा. तेच घर, पण आता रात्र. कॅमेरा घराबाहेर पोलिसांसोबत ताटकळतो. आतून गोळ्यांचा आवाज येतो, एक माणूस धावत बाहेर पडून अंधारात नाहीसा होतो. खून आपण पाहत नाही, ऐकतो. मग प्रेत अंगणात आणून ठेवलं जातं आणि मेलेल्या माणसावर पुन्हा गोळ्या झाडल्या जातात. आपण सुरुवातीला ज्याची काटेकोर नोंद ऐकली ते दृश्य कसं रचलं गेलं, ते रोझी आता दाखवतो. दुसरा एखादा दिग्दर्शक ही दोन दृश्यं शेजारी शेजारी लावून टाळी घेता. रोझी त्यांच्यात तासाहून जास्त अंतर ठेवतो आणि सांधा जुळवण्याचं काम आपल्यावर सोडतो. प्रेक्षकाच्या स्मरणशक्तीवर इतका भरवसा टाकणारे दिग्दर्शक थोडेच.

काळाची ही उलटसुलट उडी चित्रपटभर चालते. १९५० मधल्या गर्दीतून आपण थेट १९४५ मध्ये जातो, पुन्हा प्रेताशी येतो, पुन्हा मागे. कुणी आठवणीत हरवत नाही, दृश्य धुकट होत नाही. निवेदकाचा आवाज मोजक्या शब्दांत साल आणि प्रसंग सांगतो, आणि कट. पहिल्यांदा पाहणारा गोंधळतो, हे कबूल करायला हवं. नावं भरभर येतात, गणवेशही दोन-तीन तऱ्हांचे. पण दोन कट शेजारी ठेवून पाहिले की हेतू लक्षात येतो. पुढाऱ्यांची आश्वासनं आणि अंगणातलं प्रेत यांच्यामधली पाच वर्षं कापून टाकली की कारण आणि परिणाम एकमेकांसमोर उभे ठाकतात. संकलक मारिओ सेरांद्रेई हा दिग्दर्शक विस्कोंतीच्या चित्रपटांचा, आणि रोझीही ‘ला तेर्रा त्रेमा’च्या वेळी विस्कोंतीचाच सहायक, त्या शाळेतली शिस्त इथल्या एकेका कटमध्ये दिसते.

ती शिस्त गावाच्या दृश्यातही आहे. चित्रीकरण खऱ्या जागी झालं: मोंतेलेप्रे, कास्तेलवेत्रानो, ती खिंड. पडद्यावरची बहुतेक माणसं तिथलीच, यातलं बरंच काही स्वतः भोगलेली. सैनिक गावातल्या पुरुषांना धरून नेऊ लागतात तेव्हा उतरत्या गल्लीतून काळ्या कपड्यांतल्या बायका लोंढ्यासारख्या खाली धावतात. कॅमेरा कुणा एकीच्या चेहऱ्यावर जाऊन थांबत नाही. बाप, नवरा, मुलगा अशी वेगळी दुःखं दाखवण्याचा मोह टाळून तो अख्ख्या गल्लीलाच एक पात्र करतो. आपल्याकडे असा प्रसंग आला की एक वृद्धा, एक गरोदर बाई आणि एक लहान मूल हटकून निवडलं जातं. इथे कुणीच निवडलेलं नाही, म्हणून सगळ्यांचा आक्रोश कानात राहतो.

आणि मग ती एक आई, जिला रोझी जवळून पाहू देतो. शवागारात मुलाजवळ आलेली जुलियानोची आई. लादीवर पाय आपल्याकडे करून पसरलेलं शरीर पाहताना चित्रकार मान्तेन्याचं मृत ख्रिस्ताचं चित्र आठवल्यावाचून राहत नाही. चित्रपटभर ज्याला नजरेच्या टप्प्याबाहेर ठेवलं, त्याच्या चेहऱ्याजवळ आपण पोहोचतो ते तो मेल्यावर, तेही आईच्या हाताने. मघाशी ज्याची पंचनाम्यात यादी झाली त्याच शरीराला इथे कुणी मुलगा म्हणतं. दरोडेखोराला क्षमा करा, असं चित्रपट म्हणत नाही. त्याच्यावर रडणारं कुणी होतं एवढी नोंद तेवढी घेतो.

पोर्तेल्लाचा प्रसंग माझ्या मते चित्रपटातला सर्वात अवघड आणि सर्वात अचूक. मोकळी खिंड, लाल निशाणं, खेचरं, पोरंबाळं, खडकावर चढून भाषण सुरू करणारा वक्ता. मग टेकडीकडून आवाज. क्षणभर कुणालाच काही कळत नाही. गोळ्या झाडणारे आपल्याला दिसत नाहीत. बंदूक धरलेला हात नाही, खलनायकाचं हसू नाही. माणसं पडतात, सैरावैरा धावतात, आणि जे माळरान जत्रेसारखं भरलं होतं ते रितं होत जातं. मारेकरी चौकटीत नसणं हा इथे निव्वळ शैलीचा भाग नाही. गोळ्या कुणी झाडल्या ते न्यायालयाला कळलं; त्यांच्या मागे कोण होतं ते कळलं नाही. कॅमेरा न्यायालयाहून जास्त जाणत असल्याचा आव आणत नाही. बातमीपत्राला लाजवील असा हा प्रामाणिकपणा, आणि तोही एका कलाकृतीत.

उत्तरार्ध व्हितेर्बोच्या न्यायालयात घडतो आणि चित्रपटाचा पोतच बदलतो. डोंगरातला वारा, दूरचे उतार जातात. येतात गजांआडचे आरोपी, वकिलांची खडाजंगी, कागदांचे ढीग. हा भाग लांबला आहे असं म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण असहमत नाही. पण साल्वो रांदोने याने रंगवलेला न्यायाध्यक्ष पाहावा. कसलेला रंगमंचीय नट, पण आवाज चढवत नाही. संयमाने प्रश्न विचारत जातो, आणि समोरून येणारं प्रत्येक उत्तर त्याला सत्यापासून थोडं आणखी लांब नेतं. ते त्याला कळतं आहे, हे फक्त पापण्यांतून दिसतं. त्याच्यासमोर जुलियानोचा उजवा हात गास्पारे पिशोत्ता. ही भूमिका फ्रँक वुल्फ या अमेरिकी नटाने केली आहे: तडफदार, भेदरलेला आणि त्यामुळेच धोकादायक. दरोडेखोर, पोलीस आणि माफिया हे तिघे म्हणजे एकच, असं तो ओरडून सांगतो, जुलियानोला मी मारलं असंही सांगतो, आणि त्याच्याकडची बाकीची नावं त्याच्याबरोबरच जातात. फेब्रुवारी १९५४ मध्ये पालेर्मोच्या तुरुंगात त्याला विष दिलं गेलं. पडद्यावर ते कॉफीच्या पेल्याने घडतं: एक घोट, आणि मग किंकाळ्या. पिएरो पिच्चोनीचं मोजकं, खर्जातलं संगीत अशा वेळी मागे सरतं आणि माणसाचा आवाज तेवढा उरतो.

शेवटी १९६०. दिवसाढवळ्या, गर्दीत, आणखी एक माणूस गोळ्या घालून मारला जातो आणि पालथा पडतो, अगदी अंगणातल्या प्रेतासारखा. जुलियानो संपून दहा वर्षं झाली, व्यवहार चालूच आहे. म्हणूनच चित्रपटाला नायकाचा चेहरा परवडला नसता. मारिओ पुझोच्या कादंबरीवरून मायकेल चिमिनोने १९८७ मध्ये याच माणसावर ‘द सिसिलियन’ काढला, त्यात देखणा जुलियानो मनसोक्त बघायला मिळतो. तो चित्रपट पाहून दरोडेखोर कळल्यासारखा वाटतो, सिसिली मात्र कळत नाही.

रोझीला या चित्रपटासाठी बर्लिन महोत्सवात दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इटलीच्या संसदेने माफियाच्या चौकशीसाठी आयोग नेमण्याचा कायदा केला. त्याचं थोडं श्रेय आजही या चित्रपटाच्या पदरात टाकलं जातं. बनशंकरीतल्या ‘सुचित्रा’सारख्या फिल्म सोसायटीत तो लागला तर तिथेच पाहा, फोनवर नको, कारण पांढऱ्या कोटाचा ठिपका लहान पडद्यावर हरवतो. जाण्याआधी १९४३, १९४५, १९४७ आणि १९५० ही चार सालं डोक्यात ठेवा. आणि अंगणातला पंचनामा कान देऊन ऐका.