‘ब्राह्मी’: नावाची व्याप्ती आणि वनस्पतीची व्याप्ती

वनस्पतीला जसा स्वतःचा प्रदेश असतो, तसा तिच्या नावालाही असतो. वनस्पतीचा प्रदेश पाणी, माती, ऊन आणि उंची ठरवितात. नावाचा प्रदेश बोली, बाजार, वैद्यक आणि ग्रंथ ठरवितात. हे दोन प्रदेश एकमेकांवर तंतोतंत बसतील अशी अपेक्षा धरण्यास आधार नाही. तथापि आपले कोश, परिभाषासंग्रह आणि औषधिविषयक पुस्तके ती अपेक्षा गृहीत धरूनच रचलेली दिसतात. ‘ब्राह्मी’ हे नाव या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. ओलसर भूमीवर सरपटणाऱ्या दोन सर्वस्वी भिन्न वनस्पती या एका नावाखाली वावरतात. त्यांचा गोंधळ हा लोकांच्या अज्ञानातून उपजला आहे, असे सामान्यतः सांगण्यात येते. प्रस्तुत लेखकाचे मत याहून निराळे आहे. हा दोष बोलीचा नसून ग्रंथांचा आहे, हे येथे दाखवावयाचे आहे.

१

प्रथम वनस्पती पाहू. पहिली बाकोपा मोनिएरी. हिला मराठी पुस्तकांत नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी म्हणतात. ही लहान, गुळगुळीत व रसाळ ओषधी असून तिचे खोड जमिनीलगत पसरते आणि प्रत्येक पेराशी मुळे फुटतात. त्यामुळे तुटलेला तुकडाही ओल्या चिखलात स्वतंत्र रोप होऊन बसतो. पाने बिनदेठाची, समोरासमोर, मांसल आणि टोकाशी रुंद, बुडाशी निमुळती असतात. त्यांची लांबी साधारणतः दोन-अडीच सेंटीमीटरच्या आतच राहते. घोळीची भाजी ज्याने पाहिली आहे, त्यास या पानाची कल्पना चटकन येईल. फुले पानांच्या बगलेत एकेकटी, पांढरी किंवा फिकट निळसर जांभळी. त्यांचे देठ बहुधा पानांहून लांब. पाच संदलांपैकी बाहेरचे एक इतरांहून स्पष्टपणे रुंद असते. केसरदले चार, दोन लांब व दोन आखूड. फळ म्हणजे लहानसे अंडाकृती बोंड. त्यात पुष्कळ सूक्ष्म बिया.

दुसरी सेंटेला एशियाटिका; हिची मराठी नावे कारिवणा, मंडूकपर्णी आणि पुन्हा ब्राह्मीच. हिचेही खोड जमिनीवर धावते व पेरांशी मुळे धरते. परंतु साम्य येथेच संपते. हिची पाने लांब देठांची, मूत्रपिंडाच्या किंवा वर्तुळाच्या आकाराची आणि कडेला गोलसर दात असलेली असतात. फुले अगदी बारीक, लालसर, लहान छत्रीसारख्या फुलोऱ्यात येतात. कुल कोथिंबीर, ओवा व गाजर यांचे. नीरब्राह्मीशी हिचे कुलसंबंध दूरचे आहेत. दोहोंतील औषधी द्रव्येही एक नाहीत: पहिलीत बॅकोसाइड या नावाने ओळखली जाणारी द्रव्ये, दुसरीत एशियाटिकोसाइड. ही सारी सॅपोनिन वर्गातील असली, तरी एकीच्या जागी दुसरी घेता येईल इतके साम्य त्यांत नाही.

बाह्य रूपात एवढा भेद असता केवळ रूपावरून या दोघींची गल्लत होणे अशक्यप्राय आहे. गल्लत डोळ्यांनी केलेली नाही. ती शब्दाने केलेली आहे.

२

आता व्याप्ती. नीरब्राह्मी दोन्ही गोलार्धांच्या उष्ण व समशीतोष्ण-उष्ण प्रदेशांत पसरलेली आहे. भारत, श्रीलंका, नेपाळ, चीनचा दक्षिण भाग व व्हिएतनाम येथे ती आहेच. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतही, फ्लॉरिडापासून दक्षिणेकडे, ती आढळते. भारतात समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीपर्यंत नदीकाठ, तळ्यांच्या कडा, पाटांचे पाझर, भाताच्या खाचरांचे बांध ही तिची ठिकाणे. किंचित खारे पाणीही तिला चालते. म्हणून ती खाडीकाठीही दिसते. कारिवण्याची वस्तीही उष्ण प्रदेशांतील ओलसर जागीच आहे. सह्याद्रीच्या व कोकणाच्या सावलीच्या, दमट भूमीत ती विशेष फोफावते.

नावांची व्याप्ती मात्र निराळ्या रेषांनी आखली गेली आहे. बंगालीत ‘ब्राह्मी शाक’ म्हटले की नीरब्राह्मी. कारिवण्याला तेथे ‘थानकुनी’ हे स्वतंत्र नाव आहे. मलयाळमातही ‘ब्रह्मी’ ही नीरब्राह्मीच. दुसरीला ‘कुडंगल’ अथवा ‘मुत्तिळ’ म्हणतात. कन्नडात कारिवणा म्हणजे ‘ओंदेलग’, आणि गोव्यात व कारवारकडे कोकणीत ‘एकपानी’. या दोन नावांकडे भाषाशास्त्रज्ञाने लक्ष द्यावे. ‘ओंदु’ म्हणजे एक, ‘एले’ म्हणजे पान; दोन भिन्न भाषाकुलांतील शेजारी बोलींनी एका देठावर एकच पान ही एकच खूण उचलून नाव घडविले आहे. नाव कोणी कोणाकडून घेतले, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. दोघींनी नाव पानावरून घडविले, म्हणून ते चुकत नाही, एवढे पुरे. महाराष्ट्राच्या देशावर मात्र, आणि हिंदी प्रदेशातही, माका-जास्वंदीबरोबर केसांच्या तेलात घालावयाची गोल पानांची ‘ब्राह्मी’ म्हणजे बहुधा कारिवणाच असते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कोणत्याही एका गावात, एका बाजारात, एका घरात ‘ब्राह्मी’ हा शब्द संदिग्ध नाही. कोलकात्याच्या भाजीवालीस आणि पुण्याच्या मंडईतील विक्रेत्यास आपापल्या शब्दाचा अर्थ पक्का ठाऊक असतो. संदिग्धता निर्माण होते ती शब्द आपली भूमी सोडून छापील पानावर येतो तेव्हा. पान त्याचा पत्ता सोबत घेत नाही.

३

प्राचीन वैद्यकाने हा गोंधळ केला, असेही म्हणता येत नाही. चरकाने मेध्य रसायनांत मंडूकपर्णी गणली आहे. सुश्रुताच्या चिकित्सास्थानातील मेधायुष्कामीय अध्यायात मंडूकपर्णीचे आणि ब्राह्मीचे प्रयोग वेगवेगळे सांगितले आहेत. दोन नावे, दोन द्रव्ये. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात मात्र दोघी एका ठिकाणी येतात आणि एकीचे गुण सांगून दुसरीही तशीच म्हणून सांगितली जाते. गुणसाम्यातून नामसाम्य व्हावयास येथून पुढे फारसे अंतर उरत नाही. निघंटूंची पद्धतीच पर्यायांच्या माळा गुंफण्याची. ज्या काळी शिष्य गुरूबरोबर रानात जात असे, त्या काळी ती पुरेशी होती. रान सुटले आणि माळ उरली.

आधुनिक भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशाने ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका असा निर्णय दिला आहे. औषधनिर्मितीपुरता तो योग्य व आवश्यक आहे. मराठी ग्रंथकारांनी यावर योजलेला उपाय मात्र टिकणारा नाही. ते पहिलीस ‘नीर’ किंवा ‘जल’ हे उपपद जोडतात आणि दुसरीस साधी ‘ब्राह्मी’ म्हणून सोडून देतात. उपपदाने भेद दाखवावयाचा, तर ते ज्या गुणावर उभे आहे तो गुण एकीत असावा व दुसरीत नसावा. येथे दोघीही पाणथळ जागीच वाढतात. ‘जलब्राह्मी’ हे नाव वाचून ओढ्याकाठी गेलेल्या विद्यार्थ्यास दोन्ही वनस्पती सापडतील आणि नाव त्यास काहीच मदत करणार नाही. ‘एकपानी’ म्हणणाऱ्या कोकणी स्त्रीचे निरीक्षण आपल्या परिभाषाकारांहून अधिक शास्त्रीय आहे, असे म्हणणे भाग आहे.

४

यावर कोणी म्हणेल की, शास्त्रीय नाव दिले की प्रश्न मिटतो. तो मिटतो हे खरे; परंतु का मिटतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. शास्त्रीय नाव अधिक अर्थपूर्ण असते म्हणून तो मिटत नाही. ‘एशियाटिका’ म्हणजे आशियाची. पण ती वनस्पती आफ्रिकेत व ऑस्ट्रेलियातही आहे. ‘मोनिएरी’ हे विशेषण ल मोनिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ. वनस्पतीविषयी ते काहीच सांगत नाही. ‘बाकोपा’ हा तर दक्षिण अमेरिकेतील गियानाच्या मूळ रहिवाशांचा शब्द. ऑब्ले या फ्रेंच संशोधकाने तो १७७५ साली प्रजातिनाम म्हणून रूढ केला.

याहून उद्बोधक गोष्ट पुढेच आहे. सतराव्या शतकात व्हान ऱ्हेडे या डच अधिकाऱ्याने मलबारातील वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. या कामी त्यास इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे आणि रंगा भट, विनायक पंडित व अप्पु भट या तीन कोकणी पंडितांचे साहाय्य झाले. तिघांचे १६७५ सालचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. त्या ग्रंथाच्या दहाव्या खंडात नीरब्राह्मी ‘ब्रामी’ या नावानेच आली. त्यावरून १७६३ साली आदांसाँ याने ‘ब्रामी’ हे प्रजातिनाम केले. म्हणजे ‘ब्रामी’ हे नाव ‘बाकोपा’हून बारा वर्षांनी जुने. तरीही आंतरराष्ट्रीय नामकरणसंहितेने रूढ झालेले ‘बाकोपा’ राखून ठेवले आणि ‘ब्रामी’ बाजूस सारले. यात अन्याय शोधण्याचे कारण नाही. शास्त्रीय नाव अर्थावर किंवा वयावर उभे नसून संमत नियमावर उभे असते, एवढेच यातून शिकावयाचे.

आणि तो नियम नावास एका ठरावीक नमुन्याशी बांधतो. १७५६ साली लिनिअसने ही वनस्पती लायसिमॅकिया या प्रजातीत घातली, १८९१ साली वेटश्टाइनने ती बाकोपात आणली. नाव हलले, परंतु कोणती वनस्पती हा प्रश्न हलला नाही. न्यायदर्शनात पदाच्या अर्थाची व्यक्ती, आकृती व जाती अशी तीन अंगे मानली आहेत. वनस्पतिशास्त्राचा व्यवहार त्या चौकटीत सहज बसतो: संग्रहालयातील नमुना ही व्यक्ती, ग्रंथातील वर्णन ही आकृती आणि त्यांवरून ओळखावयाची ती जाती. आपल्या कोशांत जाती असते. आकृती क्वचित असते. व्यक्तीचा पत्ताच नसतो.

परिभाषा केवळ भाषांतराने केली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण पुरे आहे. स्क्रोफ्युलॅरिएसी या कुलास मराठीत ‘नीरब्राह्मी कुल’ म्हणतात. चालू शतकाच्या आरंभी जनुकीय पुराव्यावरून या कुलाची फेरमांडणी झाली आणि बाकोपा प्रजाती त्यातून निघून इसबगोलाच्या कुलात गेली. आज मराठी ‘नीरब्राह्मी कुला’त नीरब्राह्मी नाही! मूळ लॅटिन कुलनाम ज्या प्रजातीवरून पडले ती त्या कुलात राहणारच, अशी तरतूद नियमातच आहे. आपण मात्र सोयीची एक वनस्पती निवडून तिचे नाव साऱ्या कुलास दिले.

५

हा सारा ऊहापोह शब्दांपुरता नाही. खेड तालुक्यातील निघोजे हे गाव घ्यावे. देहू आणि आळंदी यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात, इंद्रायणीच्या उत्तरेस, चाकणच्या औद्योगिक क्षेत्रात ते वसले आहे. पाणथळ वनस्पतीचा अधिवास चौरस मैलांत मोजावयाचा नसतो. नदीची ओली कड, विहिरीच्या पाटाचा पाझर, ओढ्याचा चिखल अशी ती वीतभर रुंदीची पट्टी असते. चर सिमेंटचा झाला की ती पट्टी जाते; सांडपाण्याचा नवा ओहोळ निघाला की दुसरीकडे नवी तयार होते. नीरब्राह्मी अशा दोन्ही प्रकारच्या पाण्यात तग धरू शकते. ती पाण्यातील तांबे, कॅडमियम यांसारखे धातू आपल्या अंगात साठविते, हे लखनौ येथील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील १९९० च्या सुमाराच्या कामापासून ज्ञात आहे. तेव्हा कारखानदारीच्या पट्ट्यात ओहोळाकाठी ब्राह्मी उगवली म्हणून पाणी शुद्ध, असे अनुमान निघत नाही. आणि पुस्तकात वाचून ती बुद्धिवर्धक म्हणून खुडून आणणाऱ्याच्या पोटात काय जाईल, हे केवळ नावावरून सांगता येत नाही. त्यास दोन प्रश्नांची उत्तरे हवीत: कोणती ब्राह्मी, आणि कोठली?

दुसरा प्रश्नही पहिल्याइतकाच नावाचा आहे. याच नावाशी एका स्वराने जुळणारे ‘निघोज’ हे गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, पारनेर तालुक्यात, कुकडी नदीकाठी असून तेथील रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. निघोज्याच्या कारखान्यांचे रोमन लिपीतील पत्ते पाहावे, तर कोठे ‘घ’चा ‘ग’ झालेला आढळतो. नमुन्याच्या चिठ्ठीवर नदी व तालुका न लिहिता नुसते गावाचे नाव लिहिले, तर पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकास ती वनस्पती इंद्रायणीची की कुकडीची, हे कळावयास मार्ग उरणार नाही. वनस्पतीची नैसर्गिक व्याप्ती ही अखेर अशा चिठ्ठ्यांचीच बेरीज असते. चिठ्ठी संदिग्ध, तर नकाशा खोटा.

मोल्सवर्थने एकोणिसाव्या शतकात आपल्या मराठी-इंग्रजी कोशात कित्येक वनस्पतिनामांपुढे लॅटिन नाव देण्याचा प्रयत्न केला. त्यानंतरच्या आपल्या एकभाषिक कोशांत मात्र ‘एक वनस्पती’, ‘एक औषधी वेल’ एवढ्यावर पुष्कळदा भागविलेले दिसते. अशा नोंदीने वाचकास शब्दाचे लिंग कळते, वस्तू कळत नाही. पुढील कोशकाराने वनस्पतिनामाच्या नोंदीत तीन गोष्टी द्याव्यात, अशी सूचना येथे करावीशी वाटते: ते नाव कोणत्या भागात कोणत्या वनस्पतीस लावतात, पान, फूल व फळ यांची डोळ्यांनी पटणारी खूण, आणि ज्यावरून निश्चिती केली तो नमुना कोणत्या संग्रहात आहे त्याचा निर्देश. पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या रूपाने १९४६ साली सुरू झालेली आघारकर संशोधन संस्थाही आहे. दोहोंकडे वनस्पतिसंग्रह आहेत. भाषेच्या विभागातून तेथे जाण्यास शहराबाहेर पडावे लागत नाही.

‘ब्राह्मी’ हे नाव एकीकडून काढून दुसरीस बहाल करण्याचा अधिकार भाषाशास्त्रास नाही, आणि तसा प्रयत्न केल्यास मंडई त्याची दखलही घेणार नाही. दोन्ही अर्थ जिवंत आहेत व ते दोन्ही कोशात राहावेत. मात्र प्रत्येक अर्थाबरोबर त्याचा प्रदेश आणि त्याचे पान, दोन्ही लिहिलेली असावीत.